इंजिन गेलं, पण का गेलं?

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच दुखण्याची आहेत: जुनी गाडी आणि गेलेलं इंजिन. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि ही पाचच घेतली. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. त्यात विचारलेलं जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी लागतंच.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९६७ सालची एमजीबी आहे. ते गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, मी तिचं इंजिन पूर्ण खोलून नव्यानं बांधून घेतलं. गेल्या महिन्यात लांबच्या फेरीवर असताना मोठ्या वळणांवर ऑइल प्रेशरचा काटा खाली पडायचा आणि सरळ रस्ता लागला की परत वर यायचा. मग ॲक्सिलरेटर सोडला की टकटक ऐकू यायला लागली. घर सहा किलोमीटरवर होतं, म्हणून हळूहळू चालवत निघालो. घर दिसायला लागलं तेवढ्यात मोठा आवाज झाला, धूर आला, सगळं ऑइल रस्त्यावर. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव लोखंडी धडाच्या, कुशीला मूठ जाईल एवढं भोक पडलंय. ब्लॉक वाचेल का? की सरळ दुसरं इंजिन शोधू? आणि चूक कुणाची, इंजिन बांधणाऱ्याची की माझी? वडिलांची एकच आठवण होती, ती मी मोडली असं सारखं वाटतं.

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून मीही सरळच सांगतो. बेअरिंग त्या सहा किलोमीटरांच्या आधीच गेलं होतं. ब्लॉक मात्र त्या सहा किलोमीटरांत गेला. ताशी चाळीसचा वेग धरला तर तो नऊ मिनिटांचा रस्ता. मिनिटाला दोन हजार फेरे म्हटले तरी अठरा हजार फेरे झाले, आणि दर फेऱ्याला सैल झालेला रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, घण घालत होता. शेलवरचा (बेअरिंगच्या दोन अर्धगोल पट्ट्यांना शेल म्हणतात) मऊ धातू पुसला गेला की फट वाढते, फट वाढली की मार वाढतो, मग शेल जागेवरच फिरतं, रॉडचे बोल्ट ताणले जातात. एक बोल्ट तुटला की मोकळा झालेला रॉड ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो. टकटक सुरू झाली की तिथेच बाजूला घेऊन किल्ली बंद करायची आणि गाडी उचलून न्यायची. तुम्हाला टोचायला हे लिहीत नाही. हे वाचणाऱ्या कुणाची तरी गाडी अजून धडधाकट आहे, त्याच्यासाठी लिहितो.

आणि वडिलांची आठवण मोडलेली नाही. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत होती, पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. १७९८ सीसीचं हे इंजिन जगभर हजारो हातांनी खोललेलं आणि बांधलेलं आहे. पिस्टन, शेल, ऑइल पंप, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), सगळं अजून नवं मिळतं. जुन्या गाड्यांच्या बाबतीत असं नशीब सगळ्यांना मिळत नाही.

आता कामाचं. दुसरं इंजिन शोधायला निघण्याआधी हे इंजिन का गेलं ते शोधा. मी हे इतकं धरून का बसतो ते सांगतो. शिकाऊ असताना माझ्याकडे चार सिलिंडरचं एक जुनं इंजिन आलं होतं, तिसऱ्या रॉडचं बेअरिंग उडालेलं. मी क्रँक घासून आणला, नवी शेलं टाकली, इंजिन मन लावून बांधलं. काही दिवसांत ते परत आलं, तिसऱ्याच रॉडचं बेअरिंग घेऊन. आमच्या वस्तादांनी काही न बोलता क्रँक बाकावर घेतला, ऑइल जाण्याच्या वाटेवरचा छोटा प्लग काढला आणि आत तार घातली. तारेला लागून चिखल बाहेर आला, करडा, जड, चमचमणारा. पहिल्या बेअरिंगचाच चुरा होता तो. मी क्रँकवर बाहेरून आरसा केला होता आणि आतली वाट तुंबलेलीच ठेवली होती. गाडीच्या मालकाचा क्रँक त्या पायी दुसऱ्यांदा घासावा लागला. तारेवरचा तो करडा चिखल अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून तुमच्या इंजिनाचं आधी शवविच्छेदन, मग उपचार. उरलंसुरलं ऑइल स्वच्छ पसरट भांड्यात, पातळ कापडातून गाळून काढा. कापडावर जे राहील ते ठेवा. ऑइल फिल्टर फेकू नका; त्यातला कागद उलगडा, पेट्रोलनं नको, रॉकेलसारख्या सावकाश पेटणाऱ्या द्रवानं धुवा आणि कण चुंबकापाशी धरा. चिकटले तर लोखंड-पोलाद: क्रँक, कॅमशाफ्ट, पिस्टनच्या रिंगा. चिकटले नाहीत आणि चंदेरी असतील तर शेलवरचा धातू किंवा पिस्टनचं ॲल्युमिनियम. तांबूस झाक असेल तर शेल वरचा थर संपवून खालच्या थरापर्यंत झिजलं होतं.

मग चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची थाळी) उतरवा आणि शेलं काढा. तुमच्या इंजिनाला क्रँकला ब्लॉकमध्ये पेलणारी मेन बेअरिंगं पाच आहेत (१९६४ च्या शेवटी कंपनीनं तीनची पाच केली) आणि रॉडची चार. एका स्वच्छ कागदावर ती ज्या क्रमानं इंजिनात होती त्याच क्रमानं मांडा, वरचं वर, खालचं खाली. पुसू नका. आधी नुसतं बघा, जमलं तर दिवसाच्या उजेडात. फुटलेल्या रॉडचं शेल बहुतेक काळं-निळं पडलेलं, चपटं झालेलं असेल. ते फारसं काही सांगणार नाही. सांगतील ती शेजारची. सगळीच शेलं सारखी चोळली गेली असतील तर ऑइल सगळीकडेच कमी पडलं. एकच गेलं आणि बाकीची राखाडी, गुळगुळीत असतील तर दोष त्या एका जागेचा: तुंबलेली वाट, उलट बसवलेली टोपी (बेअरिंगला खालून धरणारा सुटा अर्धा भाग), चुकीच्या मापाचं शेल. शेलमध्ये बारीक कण रुतलेले दिसले, नखानं खरखर लागली, तर बांधताना घाण आत राहिली. एका कडेलाच झीज असेल तर रॉड वाकडा.

तुमच्या पत्रातली एक खूण मला फार महत्त्वाची वाटते. काटा वळणावर पडायचा, सरळ रस्त्यावर उठायचा. या गाडीचा काटा गरम इंजिनावर चालतीत ५० ते ८० पीएसआय (दाबाचं एकक) दाखवायला हवा, आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, १० ते २५. वळणावर तो पडतो तेव्हा चेंबरमधलं ऑइल एका कडेला जाऊन पंपाच्या जाळीनं हवा ओढलेली असते. पातळी पुरेशी असती तर एमजीबीमध्ये रस्त्यावरच्या वेगाला हे सहसा होत नाही. त्या दिवशी निघताना डिपस्टिक पाहिली होती का? पाहिली नसेल तर ऑइल कमी असणं हा माझा पहिला संशय. कुठून तरी गळत होतं का, निळा धूर होता का, हे आठवून लिहून काढा. जाळीची नळी सैल असली तरीही हवा ओढली जाते, आणि तसं निघालं तर ती चूक बांधणाऱ्याची.

चूक कुणाची, याबद्दल मी एवढंच म्हणेन: शेलं बोलेपर्यंत कुणावर बोट ठेवू नका. तुमच्यावर नको, त्या कारागिरावरही नको. त्याला बोलवा आणि त्याच्यासमोर इंजिन उघडा. रॉडच्या टोप्यांवरचे क्रमांक आपापल्या रॉडशी जुळतात का ते दोघांनी मिळून पाहा. प्रामाणिक कारागीर येतो. मी तरी येईन.

आता ब्लॉक. भोक क्रँककेसच्या (क्रँक फिरतो त्या पोकळीच्या) बाहेरच्या भिंतीला असेल आणि तडा वर सिलिंडरपर्यंत किंवा आत मेन बेअरिंगच्या बैठकीपर्यंत गेला नसेल, तर ब्लॉक वाचतो. त्यासाठी चुंबकी पावडरीनं तडे तपासून घ्या. डोळ्यांना दोन बोटं दिसणारा तडा खरा हातभर निघतो. ओतीव लोखंड गार असताना साध्या वेल्डिंगनं शिवायला कुणालाही देऊ नका. वेल्डच्या कडेचं लोखंड काचेसारखं कडक होतं आणि गार होताना तिथेच नवा तडा जातो. एक तर अख्खा ब्लॉक भट्टीत तापवून, निकेलच्या रॉडनं वेल्ड करून, सावकाश गार करायचा. नाही तर तड्यावर ओळीनं भोकं पाडून, एकमेकांत अडकणारे आट्याचे पिन बसवून, आडव्या पट्ट्यांनी तो गार अवस्थेतच टाचायचा. माझा कल टाचण्याकडे. भोकाच्या जागी जाड पत्र्याचं ठिगळही याच पद्धतीनं बसतं. मेन बेअरिंगची बैठकच चिरली असेल तर मात्र ब्लॉकचा नाद सोडा. ती बैठक क्रँकचा सगळा भार घेते, तिथे मी जीव टांगणीला लावणार नाही.

कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटातच आहे, तेव्हा रॉड बाहेर येताना त्याला आणि टॅपेटांना (कॅमशाफ्टची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणाऱ्या वाट्यांना) काय केलं तेही पाहा. उरलेले तीन रॉड दिसायला चांगले असले तरी तडे तपासल्याशिवाय परत घालू नका, आणि बोल्ट सगळे नवेच. क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजनं वाक पाहा. घासायचा झाला तर पिनच्या कोपऱ्यातली गोलाई घासणाऱ्यानं राखली आहे का ते घेतानाच बोट फिरवून बघा. तो कोपरा काटकोनी झाला की क्रँक तिथूनच तुटतो.

शेवटी एक गोष्ट, जी विसरल्यामुळे नवी इंजिनं मेलेली मी पाहिली आहेत. गाडीला ऑइल कूलर असेल तर तो बदला. धुऊन वापरू नका. त्याच्या बारीक नळ्यांत या इंजिनाचा चुरा अडकलेला आहे, आणि नवं इंजिन सुरू झाल्यावर काही तासांत तो सुटून नव्या शेलांत जाईल.

ब्लॉक वाचला नाही तर त्याच साच्याचा दुसरा ब्लॉक घ्या, पण जुन्याची नंबरपट्टी उपटून गुपचूप नव्यावर ठोकू नका. नवा ब्लॉक कधी आणि का आला ते गाडीच्या कागदांत लिहून ठेवा. जुना ब्लॉक वडिलांचा म्हणून कोपऱ्यात ठेवलात तर त्याचं मला काही वावगं वाटणार नाही.

प्रश्न : अकरा वर्षं शेडमध्ये उभी असलेली फियाट ११०० घेतली आहे. इंजिन जाम आहे, पुलीला पाना लावला तर तसूभर हलत नाही. मित्र म्हणतो, चौथा गिअर टाकून दुसऱ्या गाडीनं ओढली की सुटेल. ओढू का?

उत्तर : नका ओढू. कृपा करून नका. गाडी ओढली की चाकांकडून येणारा सगळा जोर एका गंजलेल्या पिस्टनवर पडतो. सुटलं तर रिंगा तुटून सुटतं, त्यांचे तुकडे बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खरवडतात, आणि नाही सुटलं तर रॉड वाकतो. दहा मिनिटांच्या उतावीळपणात वाचण्यासारखं इंजिन जातं.

१०८९ सीसीचं हे छोटं इंजिन, ६८ मि.मी. बोअर आणि ७५ मि.मी. स्ट्रोकचं, फार चिवट आहे. जाम म्हणजे मेलं असं समजू नका. चारही स्पार्क प्लग काढा. मिळाला तर छोटा कॅमेरा आत घालून पाहा. बहुतेक वेळा चारातला एखादाच सिलिंडर गंजलेला असतो: गाडी उभी केली तेव्हा ज्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तो. दमट हवा त्याच वाटेनं आत शिरत राहते. आत पाणी साचलेलं दिसलं तर आधी ते ओढून काढा.

मग प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे झिरपणारं तेल. बाजारातलं चालेल, मी ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मं-निम्मं हलवून घालतो. ॲसिटोन भडकन पेटतं, तेव्हा हवा खेळती हवी आणि जवळ आग, ठिणगी, बॅटरीची जोडलेली वायर काही नको. नंतर थांबा. एक दिवस नाही, आठ-दहा दिवस. रोज थोडं घाला. तेल खाली उतरलं का ते रोज पाहा. उतरत असेल तर ते रिंगांपर्यंत पोचतंय.

दहाव्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लावा, पण पान्याला पाइप लावून लांबवू नका. आधी उलट, मग सुलट, हाताच्या बेताच्या जोरानं. पहिल्यांदा काहीच होत नाही. मग कधी तरी हाताला एक बारीकशी लवचीक हालचाल जाणवते, केसाएवढी. तिथेच थांबून पुन्हा तेल घाला. ती केसभर हालचाल दुसऱ्या दिवशी बोटभर होते. एका दिशेनं अडलं की जोर वाढवायचा नाही, मागे यायचं. एकदा गंजलेला सिलिंडर असा सोडवायला मला तीन आठवडे लागले होते, आणि त्याच्या रिंगा चांगल्या निघाल्या.

फिरायला लागलं तरी लगेच सुरू करू नका. वरचं झाकण काढून एकेक व्हॉल्व्ह पूर्ण खाली-वर होतो का ते पाहा. चिकटलेल्या व्हॉल्व्हवर इंजिन फिरवलं की पुशरॉड वाकतो. चेंबर उतरवून तळाचा गाळ काढा, जाळी धुवा, नवं ऑइल आणि फिल्टर घाला. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. मग प्लग बाहेरच ठेवून स्टार्टरनं थोडं थोडं फिरवा, ऑइलचं प्रेशर येईपर्यंत. प्रेशर आलं की प्लग लावा. पहिल्या दिवशी निळा धूर येईल, घाबरू नका. शे-दोनशे किलोमीटर चालवून मग कॉम्प्रेशन मोजा आणि इंजिन खोलायचं की नाही ते तेव्हा ठरवा.

प्रश्न : माझी जॅग्वार मार्क २, ३.८ लिटर. रहदारीत तापली, काटा शेवटाला टेकला, पांढरी वाफ आली. आता ऑइलच्या झाकणाखाली साय जमते आणि पाणी कमी होतं. गॅरेजवाले म्हणतात, हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) बदला, हेडला प्लेन मारा, झालं. खरंच एवढंच?

उत्तर : असू शकेल एवढंच, पण या इंजिनात तसं आधीच गृहीत धरू नका.

झाकणाखालची साय एकटी असती तर मी काळजी केली नसती. थोडं थोडं चालवलेल्या गाडीत ती नुसत्या दमटपणानंही जमते. तुमच्याकडे पाणीही कमी होतंय आणि इंजिन तापलेलं आहे. तेव्हा आजपासून गाडी सुरू करू नका, जागा बदलायलासुद्धा नाही. कूलंट ऑइलमध्ये मिसळला की शेलं खातो. गॅस्केटचं काम बेअरिंगांपर्यंत जातं ते असं.

तपासणी आधी करून घ्या. गार इंजिनावर पाण्याच्या यंत्रणेत पंपानं दाब द्या, प्लग काढून ठेवा आणि कुठल्या सिलिंडरमध्ये पाणी उतरतं ते पाहा. उलटं, प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा भरून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का तेही पाहा. ३.८ च्या ब्लॉकमध्ये कारखान्यातूनच लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) बसवलेले आहेत. बोअर वाढवून ८७ मि.मी. केलं, मधल्या भिंती पातळ राहिल्या, आणि फार तापलं की दोन सिलिंडरांमधला ब्लॉक तडकलेला सापडतो. तडा असेल तर नवं गॅस्केट थोडेच दिवस टिकतं.

प्लेन मारण्याबद्दल तुमच्या गॅरेजवाल्यांशी नीट बोला, कारण खरी गोम तिथे आहे. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बोल्टांनी जखडलेलं असल्यामुळे हेड मधोमध केळीसारखं वाकतं. या इंजिनाचे दोन्ही कॅमशाफ्ट हेडच्या वरच्या अंगाला, हेडमध्येच बसवलेल्या बेअरिंगांत फिरतात. खालचा चेहरा प्लेन मारून सपाट केला तरी वरची बेअरिंगांची ओळ वाकडीच राहते. मग कॅमशाफ्ट आवळतो, बेअरिंग खातो, कधी तुटतोही.

याची परीक्षा साधी आहे. हेड बाकावर आल्यावर टॅपेटांच्या वाट्या काढून घ्या, कॅमशाफ्ट त्याच्या टोप्यांसह बसवा, टोप्या ठरल्या टॉर्कला आवळा, बेअरिंगला ऑइल घाला आणि दोन बोटांनी फिरवा. सरळ हेडमध्ये तो सैलसर, एकसारखा फिरतो. एका जागी जड आणि एका जागी हलका लागला तर हेड वाकलेलं आहे. असं हेड आधी जाड पोलादी पाटावर जखडून, तापवून सरळ करतात आणि मगच चेहऱ्याला अगदी कमीत कमी प्लेन मारतात. हे काम करणारी माणसं कमी आहेत. शोधा, थांबा, पण त्यांच्याकडेच द्या. व्हॉल्व्ह बसवलेलं हेड कधीही पालथं बाकावर टेकवू नका, उघडे व्हॉल्व्ह खाली निघालेले असतात आणि वाकतात. दोन्ही कॅमशाफ्ट बसवलेले असताना एकटा एक फिरवू नका, इनलेट आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात.

आणि मुळात गाडी तापली कशामुळे? हा प्रश्न सुटल्याशिवाय हेड परत चढवू नका. ब्लॉकच्या बाजूला पाण्याच्या वाटेची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या वाट्या काढा आणि मागच्या सिलिंडरांभोवती वाकड्या तारेनं खणा. गंजाचा चिखल तिथे बसून वाळतो, कधी एवढा की पाण्याला वाटच उरत नाही. रेडिएटर नवा घालूनही तापत राहणाऱ्या गाड्यांत मला कारण बहुतेक तिथेच सापडलं आहे.

प्रश्न : इंजिनात ठोका येतो. टॅपेटचा की बेअरिंगचा, हे न खोलता कळेल का?

उत्तर : बरंचसं कळतं. टॅपेटचा आवाज हलका, शिवणयंत्रासारखा आणि इंजिनाच्या निम्म्या गतीचा, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. पिस्टनची थाप गार इंजिनात येते, तापल्यावर विरते. रॉडच्या बेअरिंगचा ठोका तापल्यावर वाढतो आणि ॲक्सिलरेटर हलका ठेवला किंवा सोडला की स्पष्ट येतो. मेन बेअरिंगचा आवाज खोल, दबका, भार पडल्यावर पायाखाली जाणवणारा.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा, पंखा आणि पट्टा सांभाळून. मग आयडलवर एकेका प्लगचा स्पार्क इंजिनाच्या धातूला जोडून (अर्थ करून) तोडा. एखादा तोडल्यावर ठोका मऊ झाला किंवा गेला तर त्या सिलिंडरचं रॉड बेअरिंग. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर तार नुसती उपटून मोकळी सोडू नका, मॉड्यूल जळतं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटात आटपा, इंजिन रेस करू नका. संशय बेअरिंगचा आला की किल्ली बंद. चेंबर उतरवून शेल पाहणं हे गाडीखाली एका दिवसाचं काम आहे, आणि त्या वेळी क्रँक बहुतेक वाचलेला असतो.

प्रश्न : माझ्या १९५० च्या दशकातल्या गाडीचं इंजिन दोन तज्ज्ञांनी निकालात काढलं आहे, भाग मिळत नाहीत. त्यात नवं, आजचं इंजिन बसवलं तर ते पाप होईल का?

उत्तर : नाही. शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा चालती गाडी मला केव्हाही आवडेल. पण तिसऱ्या माणसालाही विचारा, आणि या वेळी इंजिन दुरुस्त करणाऱ्याला नको, भाग बनवणाऱ्याला विचारा. पिस्टन मापावर करून मिळतात. पांढऱ्या धातूची बेअरिंगं आजही ओतून, बोअर करून देणारे आहेत. ‘भाग मिळत नाहीत’ आणि ‘भाग तयार मिळत नाहीत’ यांत फरक आहे.

तरी बसवायचंच ठरलं तर एक अट माझ्याकडून. चासी कापू नका, फायरवॉलला (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला) भोकं पाडू नका. नव्या इंजिनासाठी ब्रॅकेट असे करा की बोल्ट काढले की गाडी जशी होती तशी राहील. जुन्याहून फार ताकदीचं इंजिन घेऊ नका. त्या काळचे ड्रम ब्रेक, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल त्या ताकदीसाठी बनलेले नाहीत. कागदपत्रांत इंजिनाचा बदल आधी नोंदवा, मग गाडी रस्त्यावर आणा.

जुनं इंजिन भंगारात घालू नका. ऑइल आणि पाणी पूर्ण काढा, प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल घालून हातानं दोन-चार फेरे द्या, सगळी तोंडं बंद करा आणि लाकडी पाटावर, जमिनीपासून वर ठेवा. सुटे भाग पिशव्यांत, प्रत्येकावर चिठ्ठी. त्या चिठ्ठ्या तुमच्यासाठी नकोत, तुमच्यानंतर ते इंजिन हातात घेणाऱ्यासाठी लिहा: कुठला बोल्ट कुठला, काय तुटलं होतं, काय चांगलं होतं. दर वर्षी एकदा पुली हातानं फिरवून बघा.